संबंधित टेबलातल्या अटीवरून रेकॉर्ड गाळताना: जॉइन कुठे, एक्झिस्ट्स कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'प्रकल्प' आणि 'काम' अशी दोन टेबले, एका प्रकल्पाची अनेक कामे. कामाची अवस्था आणि प्राधान्य पाहून प्रकल्पांची यादी गाळायची आहे. जॉइन (दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळी जोडणे) लावला की एकच प्रकल्प दोन-तीनदा येतो. डिस्टिंक्ट (दुबार ओळी काढणे) लावून ते झाकले तर कामांची संख्या चुकते. आणि दोन अटी एकदम लावल्या की ज्यांनी यायला नको असे प्रकल्पही यादीत शिरतात. ओआरएम (कोडमधून डेटाबेसशी बोलणारा थर) जँगो या पायथन फ्रेमवर्कचा, डेटाबेस पोस्टग्रेस.

तक्रारी तीन दिसतात, पण दुखणे एकच आहे. तुम्हाला प्रकल्पाबद्दल विचारायचे आहे आणि जॉइन उत्तर देतो प्रकल्प व काम यांच्या जोडीबद्दल. जितक्या जोड्या जुळतील तितक्या ओळी. डेटाबेसचे काही चुकलेले नाही, प्रश्नच वेगळा विचारला गेला आहे. मी स्वतः पाळतो तो नियम साधा आहे: दुसऱ्या टेबलातली माहिती निकालात दाखवायची असेल तर जॉइन, आणि दुसऱ्या टेबलाकडून फक्त हो-नाही एवढेच हवे असेल तर एक्झिस्ट्स (जुळणारी एखादी ओळ आहे का, एवढेच तपासणारी अट). गाळणीच्या बाबतीत बहुतेक वेळा हो-नाहीच हवे असते.

एक बाजू आधीच निकालात काढू. कामे गाळायची आहेत आणि अट प्रकल्पावर आहे ('बंद पडलेल्या प्रकल्पांतली कामे'), तर जॉइन बिनधास्त लावा. प्रत्येक कामाला फार तर एकच प्रकल्प असतो, त्यामुळे ओळी वाढायचा प्रश्नच नाही. गोंधळ होतो तो एकाकडून अनेकांकडे जाताना, आणि अनेक-अनेक नात्यात. पुढचे सगळे त्याच दिशेबद्दल.

बोलणे हवेत राहू नये म्हणून चार प्रकल्प घेऊ.

वेबसाइट: एक काम तातडीचे, पूर्ण. दुसरे साधे, थकीत.
स्थलांतर: दोन कामे तातडीची आणि दोन्ही थकीत. तिसरे साधे, पूर्ण.
अहवाल: दोन कामे, दोन्ही साधी, दोन्ही पूर्ण.
ॲप: अजून एकही काम नाही.

शिवाय काम टेबलात एक काम असे आहे, ज्याला प्रकल्पच नेमलेला नाही. त्याचा प्रकल्प_आयडी नल, म्हणजे रिकामा, आहे. ते साधे आणि थकीत आहे. खऱ्या डेटात असे एखादे अनाथ रेकॉर्ड सापडतेच, म्हणून मुद्दाम ठेवले आहे.

आता मागणी: 'ज्यात तातडीचे काम थकले आहे असे प्रकल्प द्या.' उत्तर डोळ्यांनीच दिसते, फक्त स्थलांतर. वेबसाइटमध्ये तातडीचेही काम आहे आणि थकीतही आहे, पण ती दोन वेगळी कामे आहेत. जँगोमध्ये हे लिहायच्या दोन पद्धती लोकांच्या हातून सहज होतात:

प्रकल्प.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(काम__प्राधान्य='तातडीचे', काम__अवस्था='थकीत')

प्रकल्प.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(काम__प्राधान्य='तातडीचे').फिल्टर(काम__अवस्था='थकीत')

वाचताना दोन्ही सारख्याच वाटतात. साध्या कॉलमवर त्या सारख्याच असतात. पण अनेक मुले असलेल्या नात्यावर (जसे एका प्रकल्पाची अनेक कामे) पहिलीत काम टेबल एकदाच जोडले जाते आणि दोन्ही अटी एकाच कामावर पडतात. दुसरीत प्रत्येक फिल्टरसाठी काम टेबल नव्याने जोडले जाते, म्हणजे एक अट एका कामावर आणि दुसरी कुठल्याही दुसऱ्या कामावर लागू झाली तरी चालते. वरच्या डेटावर पहिली क्वेरी दोन ओळी देते, दोन्ही स्थलांतरच्या. दुसरी पाच ओळी देते: स्थलांतरची दोन तातडीची गुणिले दोन थकीत अशा चार, आणि वेबसाइटची एक. तुमच्या यादीत 'नको ते' शिरले ते इथून. फिल्टर ही पद्धत एखाद्या फंक्शनात अर्धी आणि दुसऱ्या फंक्शनात अर्धी लिहिली गेली की हे हमखास होते, कारण साखळी तुटलेली कोणाला दिसत नाही.

साखळी हा काही दोष नाही, हे मात्र मान्य करायला हवे. 'ज्यात तातडीचेही काम आहे आणि थकीतही आहे, मग ते एकच असो वा वेगळे' असे खरोखर विचारायचे असेल तर दुसरी पद्धतच बरोबर आहे. म्हणून कोड लिहायच्या आधी मागणी करणाऱ्याला एकदा विचारून घ्या: दोन्ही अटी एकाच कामावर, की कुठल्याही? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो, आणि विचारल्यावर उत्तर बहुधा 'एकाच' असे येते.

आता हेच एक्झिस्ट्सने. आधी नुसती एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा:

सिलेक्ट * फ्रॉम प्रकल्प
व्हेअर एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १ फ्रॉम काम
    व्हेअर काम.प्रकल्प_आयडी = प्रकल्प.आयडी
    अँड काम.प्राधान्य = 'तातडीचे'
    अँड काम.अवस्था = 'थकीत'
)

एक ओळ, स्थलांतर. डिस्टिंक्ट नाही, ग्रुप बाय नाही. आणि वाचणाऱ्याला कंसाकडे पाहूनच कळते की दोन्ही अटी एकाच कामावर आहेत. 'कुठल्याही' हवे असेल तर दोन वेगळे एक्झिस्ट्स लिहायचे, तेही तितकेच स्पष्ट. आतल्या सिलेक्टमध्ये १ लिहा किंवा तारांकन, फरक पडत नाही. डेटाबेस ते मूल्य बघतच नाही.

जँगोमध्ये एक्झिस्ट्स, सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) आणि आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीचा संदर्भ) ही त्रयी १.११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. तेव्हा आधी ॲनोटेट करून (ते उत्तर जादा कॉलम म्हणून जोडून) मग त्यावर फिल्टर लावावा लागे. डिसेंबर २०१९ च्या ३.० पासून ते सरळ फिल्टरच्या कंसात टाकता येते:

थकलेली = काम.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(प्रकल्प=आउटररेफ('पीके'), प्राधान्य='तातडीचे', अवस्था='थकीत')
प्रकल्प.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(एक्झिस्ट्स(थकलेली))

लिहायला दोन ओळी जास्त लागतात. पण आतली क्वेरी हा स्वतंत्र तुकडा होतो. तो नाव देऊन बाजूला ठेवता येतो, त्याची वेगळी चाचणी घेता येते, आणि नंतर कोणी पुढे आणखी चार फिल्टर जोडले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. माझ्या मते हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा आहे.

डिस्टिंक्टबद्दल माझे मत जरा कडक आहे. गाळणीनंतर आलेला डिस्टिंक्ट दिसला की मी आधी जॉइनकडे बघतो. डिस्टिंक्ट सगळे कॉलम ताडून बघतो, म्हणजे लांबलचक मजकुराचे कॉलम असतील तर तेही. पोस्टग्रेसमध्ये जुना जेसन प्रकारचा कॉलम असेल (जेसनबी नव्हे) तर क्वेरी एररच देते, कारण त्या प्रकाराला समानता तपासायची क्रियाच नाही. त्यात क्रमवारी कामाच्या तारखेवर लावली तर जँगो तो कॉलमही सिलेक्टमध्ये घेते, आणि तारखा वेगळ्या असल्याने तोच प्रकल्प पुन्हा दोनदा येतो. डिस्टिंक्ट जागेवर असतो आणि तरी दुबार ओळी असतात. बघणारा चक्रावून जातो. आणि डिस्टिंक्ट नसताना पानांची विभागणी केली तर वीस ओळींच्या पानावर कधी बाराच प्रकल्प दिसतात, कारण मर्यादा जोड्यांवर लागलेली असते.

मोजणी हा दुसरा खड्डा. प्रकल्पासोबत त्यातल्या कामांची एकूण संख्या दाखवायची आणि यादी थकीत कामांवरून गाळायची, अशी मागणी नेहमीच येते. आधी फिल्टर आणि मग काउंट लिहिले तर काउंट त्याच जोडलेल्या टेबलावर चालतो, म्हणजे स्थलांतरसमोर ३ च्या जागी २ येतात. आधी काउंट आणि मग फिल्टर लिहिले तर फिल्टर दुसरा जॉइन आणतो, आणि ३ गुणिले २ असे ६ येतात. काउंटच्या आत डिस्टिंक्ट लावला तर हा आकडा सुधारतो. पण बेरीज करायची असेल, समजा कामांचे तास, तर तो उपाय घातक आहे: दोन कामांचे तास योगायोगाने सारखे असले की डिस्टिंक्ट त्यातले एक खाऊन टाकतो. एकाच क्वेरीत कामे आणि सदस्य असे दोन वेगळ्या नात्यांवरचे काउंट मागितले तरी हाच गुणाकार होतो. तीन कामे, चार सदस्य, आणि दोन्ही आकडे १२.

एक्झिस्ट्सने गाळले की मुख्य क्वेरीत जॉइनच उरत नाही, आणि मग काउंटसाठी एक जॉइन निर्धास्त वापरता येतो. थकीत किती आणि एकूण किती, दोन्ही हवे असतील तर काउंटला फिल्टर हे आर्ग्युमेंट देता येते. ते जँगो २.० पासून आहे. 'किमान तीन थकीत कामे असलेले प्रकल्प' हेही त्यानेच. दोन नात्यांवरचे आकडे एकत्र हवे असतील तर प्रत्येकाची वेगळी सबक्वेरी लिहा.

आता उलटी मागणी: 'ज्यात तातडीचे थकीत काम नाही असे प्रकल्प.' अपेक्षित उत्तर वेबसाइट, अहवाल आणि ॲप. इथे लोक एक्सक्लूड (फिल्टरच्या उलट, जुळणारे वगळणारी पद्धत) लिहितात आणि वर शिकलेला नियम लावतात की एका कंसातल्या अटी एकाच कामावर पडतात. एक्सक्लूडला तो नियम लागू नाही. जँगोच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण ते वाचायची वेळ बहुतेकांवर बग आल्यावरच येते. एका एक्सक्लूडमध्ये दोन्ही अटी दिल्या तर ज्यात तातडीचेही काम आहे आणि थकीतही काम आहे असे सगळे प्रकल्प वगळले जातात, काम वेगळे असले तरी. म्हणजे वेबसाइट गायब. यादीत एखादा जास्तीचा प्रकल्प आला तर कोणीतरी ओरडते. नसलेला प्रकल्प कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अनेक मुले असलेल्या नात्यावर मी एक्सक्लूड लिहीतच नाही, वरच्याच एक्झिस्ट्सपुढे नकाराचे चिन्ह लावतो.

हाताने एसक्यूएल लिहिणाऱ्यांसाठी इथे आणखी एक सापळा आहे, नॉट इन. 'ज्यात एकही थकीत काम नाही' यासाठी लिहिले:

सिलेक्ट * फ्रॉम प्रकल्प
व्हेअर आयडी नॉट इन (सिलेक्ट प्रकल्प_आयडी फ्रॉम काम व्हेअर अवस्था = 'थकीत')

यायला हवेत अहवाल आणि ॲप. येते काहीच नाही. एररही नाही, नुसती रिकामी यादी. कारण ते अनाथ काम. आतली यादी वेबसाइट, स्थलांतर, नल अशी होते. अहवाल या यादीत नाही ना, हे तपासताना डेटाबेस 'अहवाल = नल' अशीही तुलना करतो. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर हो नसते आणि नाहीही नसते, ते 'अज्ञात' असते. अज्ञाताचा नकारही अज्ञातच, आणि व्हेअर फक्त 'हो' असलेल्या ओळी पुढे सोडतो. एक नल शिरला की सगळी यादी संपली. नॉट एक्झिस्ट्सला हा त्रास नाही, कारण आतली क्वेरी प्रत्येक प्रकल्पासाठी जुळणारी कामे शोधते आणि अनाथ काम कोणाशीच जुळत नाही. प्रकल्प_आयडी कॉलमवर नॉट नल बंधन असेल तर नॉट इन बरोबर उत्तर देईल, पण ते बंधन उद्या कोणी काढणार नाही याची हमी क्वेरी लिहिणाऱ्याकडे नसते.

लेफ्ट जॉइनने 'ज्यांना नाहीच' शोधायची जुनी पद्धतही चालते: प्रकल्प डावीकडे ठेवून काम जोडा, म्हणजे काम नसलेला प्रकल्पही टिकतो, आणि काम.आयडी इज नल असलेल्या ओळी ठेवा. फक्त कामावरची अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, लिहायची, व्हेअरमध्ये नाही. व्हेअरमध्ये काम.अवस्था = 'थकीत' लिहिले की जोडीदार नसलेल्या ओळींत ती अवस्था नल असते, त्या गळतात, आणि लेफ्ट जॉइनचा साधा इनर जॉइन होऊन बसतो. कोड तपासताना लेफ्ट जॉइन आणि त्याच टेबलावरची अट व्हेअरमध्ये, अशी जोडी दिसली की थांबावे.

'सगळी' हा शब्द आला की सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. 'ज्यांची सगळी कामे पूर्ण झाली असे प्रकल्प.' एसक्यूएलमध्ये हे उलटून लिहितात: पूर्ण नसलेले एकही काम नाही असे प्रकल्प. उत्तरात अहवाल येतो आणि ॲपही येतो, कारण ॲपमध्ये अपूर्ण काम एकही नाही, कामेच नाहीत. तर्कशास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे, पण पूर्ण प्रकल्पांच्या यादीत कालच तयार केलेला रिकामा प्रकल्प पाहून व्यवस्थापक खूश होणार नाही. हवे असेल तर 'आणि निदान एक काम आहे' असा दुसरा एक्झिस्ट्स जोडा. दुसरी गोष्ट, अवस्था हा कॉलम नल असू शकत असेल तर 'अवस्था <> पूर्ण' (म्हणजे पूर्ण नसलेली) ही अट नल असलेल्या कामाला पकडत नाही, पुन्हा तेच अज्ञात. म्हणजे ज्याची अवस्थाच भरलेली नाही अशा कामासकट प्रकल्प पूर्ण ठरतो. पोस्टग्रेसमध्ये यासाठी इज डिस्टिंक्ट फ्रॉम आहे, ते नललाही वेगळे मूल्य मानते.

'सगळी'चा दुसरा प्रकार टॅगच्या बाबतीत येतो: ज्या प्रकल्पाला हे तिन्ही टॅग आहेत तो द्या. इथे इन लावला तर तिघांपैकी कुठलाही एक असलेले सगळे येतात, आणि हा घोळ फारच सर्रास दिसतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले; या प्रकारच्या प्रश्नासाठी त्यांनी 'भागाकार' नावाची क्रियाही सांगितली होती, पण एसक्यूएलमध्ये तिच्यासाठी शब्द कधी आलाच नाही. व्यवहारात दोन मार्ग. टॅग मोजके आणि ठरलेले असतील तर प्रत्येकासाठी एक एक्झिस्ट्स. वापरणारा कितीही टॅग निवडणार असेल तर इनने गाळा, प्रकल्पावर ग्रुप बाय करा (दर प्रकल्पाचा एक गट), आणि हॅविंगमध्ये, म्हणजे गटावरच्या अटीत, वेगवेगळ्या टॅगांची संख्या मागितलेल्या संख्येइतकी आहे का ते पाहा. मागितलेल्या यादीतले दुबार टॅग मात्र आधी काढून टाका, नाहीतर ती संख्या कधी जुळणारच नाही.

यापेक्षाही फसवी मागणी म्हणजे 'शेवटची'. प्रकल्पाच्या अवस्थांचा इतिहास वेगळ्या टेबलात आहे आणि ज्यांची शेवटची नोंद 'थांबला' आहे असे प्रकल्प हवेत. इतिहासातून 'थांबला' गाळून त्यातली सर्वात मोठी तारीख घेतली, तर मिळते ती प्रकल्प शेवटचा कधी थांबला होता ती तारीख. तो नंतर पुन्हा सुरू झाला असेल तरी यादीत येतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत्येक प्रकल्पाची शेवटची नोंद निवडा आणि मग तिची अवस्था तपासा. जँगोमध्ये तारखेच्या उतरत्या क्रमाने लावलेली आणि एकाच ओळीवर कापलेली सबक्वेरी, पोस्टग्रेसमध्ये लॅटरल जॉइन किंवा डिस्टिंक्ट ऑन, इतरत्र रो नंबर हे विंडो फंक्शन. दोन नोंदींची वेळ अगदी सारखी असू शकते, म्हणून क्रमवारीत तारखेच्या मागे आयडीही घाला, नाहीतर तीच क्वेरी दोनदा चालवून दोन उत्तरे मिळतील. ही गाळणी प्रत्येक पानावर लागत असेल तर मी सरळ प्रकल्प टेबलातच 'चालू अवस्था' असा कॉलम ठेवतो आणि इतिहासाची नोंद होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो बदलतो. माहिती दोन ठिकाणी झाली असे कोणी म्हणेल. झाली, आणि इथे ती किंमत मोजण्यासारखी आहे.

आणखी एक गैरसमज. प्रकल्प गाळले म्हणजे त्यांची कामेही गाळली गेली असे नाही. स्थलांतर यादीत आला तो थकीत कामांमुळे, पण त्याची कामे मागितली की तिन्ही येतात, पूर्ण झालेलेही. फक्त थकीत कामे दाखवायची तर प्रीफेच ऑब्जेक्टला (संबंधित रेकॉर्ड आधीच आणून ठेवणारी जँगोची सोय) तीच गाळलेली क्वेरी द्या आणि टू_ॲट्रने वेगळे नाव द्या, म्हणजे 'सगळी कामे' आणि 'थकीत कामे' यांची गल्लत होणार नाही. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये व्हेअरहॅज आणि विथ यांच्यात हाच फरक आहे. हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये उलटे होते आणि ते जास्त धोक्याचे: जॉइन फेचवर अट लावली की प्रकल्पाच्या वस्तूत कामांची अर्धीच यादी भरली जाते, पुढचा कोड तिलाच पूर्ण समजतो, आणि नात्याच्या सेटिंगप्रमाणे सेव्ह करताना त्याचे परिणाम भोगावे लागू शकतात.

इतर ओआरएममध्ये शब्द वेगळे असले तरी गोष्ट तीच. एसक्यूएलअल्केमीत एनी आणि हॅज, लाराव्हेलमध्ये व्हेअरहॅज आणि व्हेअरडझंटहॅव, एंटिटी फ्रेमवर्कमध्ये एनी आणि ऑल. ही सगळी आतून एक्झिस्ट्सच बनवतात. रेल्समध्ये 'ज्यांना नाहीच' यासाठी ६.१ पासून व्हेअर.मिसिंग आहे, ते लेफ्ट जॉइन वापरते. नावे सगळ्यात चांगली ठेवली ती प्रिझ्माने: सम, एव्हरी, नन. गाळणी लिहितानाच 'काही, सगळी, की एकही नाही' हे ठरवावे लागते. जँगोच्या दोन अंडरस्कोअरमध्ये हा प्रश्न लपून जातो, अशी माझी तक्रार आहे.

वेगाबद्दल. 'सबक्वेरी मंद असते' हा समज मायएसक्यूएलच्या जुन्या दिवसांतून आला आहे. ५.५ पर्यंत इनमधली सबक्वेरी बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालायची. ५.६ मध्ये सेमी-जॉइन आले, ८.०.१६ पासून एक्झिस्ट्सलाही ते लागू झाले आणि ८.०.१७ मध्ये नॉट एक्झिस्ट्ससाठी अँटी-जॉइन (जोडीदार नसलेल्याच ओळी ठेवणारा). पोस्टग्रेसमध्ये दोन्ही ८.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहेत. सेमी-जॉइनला पहिले जुळणारे काम सापडले की तो पुढच्या प्रकल्पाकडे जातो, पुढची शंभर कामे बघत बसत नाही. साधा जॉइन ती सगळी जुळवतो आणि डिस्टिंक्ट मग ती फेकून देतो. तेव्हा वेगाच्या भीतीने जॉइन-डिस्टिंक्ट लिहिण्यात आता अर्थ नाही.

क्वेरी मंद असेल तर आधी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) पाहा. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन फॉरेन की कॉलमवर (दुसऱ्या टेबलाच्या आयडीकडे बोट दाखवणारा, जसा प्रकल्प_आयडी) इंडेक्स नसेल तर स्वतः बनवते. पोस्टग्रेस बनवत नाही. जँगो आपल्या फॉरेन कीवर डीफॉल्टने इंडेक्स टाकते, पण टेबल हाताने किंवा दुसऱ्या साधनाने बनवले असेल तर तो नसण्याची शक्यता बरीच. वरच्या क्वेरीसाठी मी प्रकल्प_आयडी आणि अवस्था यांचा एकत्र इंडेक्स ठेवेन. थकीत कामे एकूण कामांच्या मानाने फारच थोडी असतील तर पोस्टग्रेसमध्ये फक्त थकीत ओळींचा आंशिक इंडेक्स आणखी लहान आणि स्वस्त पडतो. मग एक्स्प्लेन ॲनलाइझ चालवा, ते क्वेरी आतून कशी चालली ते दाखवते. त्यात सेमी जॉइन किंवा अँटी जॉइन असे शब्द दिसले पाहिजेत. त्याऐवजी सबप्लॅन दिसला आणि त्याच्या लूपची संख्या प्रकल्पांच्या संख्येइतकी असेल, तर आतली क्वेरी दर प्रकल्पामागे चालते आहे.

असे व्हायचे एक नेहमीचे कारण म्हणजे ऑर ('किंवा'). शोधाच्या चौकटीत शब्द टाकला की तो प्रकल्पाच्या नावात किंवा कामाच्या नावात सापडावा, अशी मागणी असते. 'नाव जुळते किंवा एक्झिस्ट्स(...)' असे लिहिले की पोस्टग्रेसला त्याचा सेमी-जॉइन करता येत नाही, कारण एक बाजू खोटी असली तरी ओळ ठेवायची असू शकते. लहान टेबलावर जाणवत नाही, मोठ्यावर क्वेरी रेंगाळते. मग दोन वेगळ्या क्वेऱ्यांनी प्रकल्पांचे आयडी काढा, युनियनने जोडा आणि त्या यादीवर इन लावा. इन इथे सुरक्षित आहे, नलचा त्रास नॉट इनला असतो. प्रत्येक अर्धी क्वेरी आपापला इंडेक्स वापरते आणि दुबार आयडी युनियनच काढून टाकतो.

शेवटी एक गोष्ट, जी प्रश्नात नव्हती पण या कोडजवळ नेहमी असते. गाळणीच्या अटी वेब पत्त्यातून येत असतील आणि त्या जशाच्या तशा फिल्टरला दिल्या जात असतील, तर नाती हीच पळवाट ठरते. कोणीही काम__जबाबदार__पासवर्ड__स्टार्ट्सविथ अशी अट पाठवू शकतो. पासवर्डचा हॅश (साठवलेले सांकेतिक रूप) कुठेच दाखवला जात नाही, पण यादीत प्रकल्प आला की अक्षर बरोबर, नाही आला की चूक. असे करत एकेक अक्षर काढता येते. ओआरएम इथे एसक्यूएल इंजेक्शन (क्वेरीत परका कोड घुसवणे) थांबवते, हे थांबवत नाही, कारण क्वेरी पूर्णपणे वैध आहे. बाहेरून येणारी अटीची नावे आणि आतली खरी फील्ड यांचा तक्ता कोडमध्ये लिहून ठेवा, आणि तक्त्यात नसलेले नाव आले तर ४०० ('चुकीची विनंती') परत करा. नुसते दुर्लक्ष केले तर गाळणी न लागलेली पूर्ण यादी बाहेर जाते, आणि मागणाऱ्याला वाटते की त्याची अट लागू झाली.